सकाळी फिरतो, दुपारी थांबतो: माळ्यावरच्या सोलर एक्झॉस्टचं दुखणं

"पंखा सकायले चांगला फिरस, दुपारले बंद पडी जास." एप्रिल उजाडला की जळगाव, भुसावळ, अमळनेर, शहादा, सगळीकडे पत्र्याच्या घरांतून ही एकच तक्रार येते. माळ्यातली गरम हवा बाहेर फेकणारा हा सोलरचा पंखा ऊन कोवळं असताना मस्त चालतो आणि पत्रा तापून माळ्याची भट्टी झाली की नेमका तेव्हाच मान टाकतो. मग आधी पंखा बदलला जातो, नंतर छपरावरची सोलर प्लेट बदलली जाते, आणि पुढच्या मेमध्ये गाडी पुन्हा तिथंच येते. पंखा आणि प्लेट दोन्ही बऱ्याचदा ठणठणीत असतात. दुखणं असतं दोघांच्या मधल्या दहा-पंधरा मीटरमध्ये: वायर, जॉइंट, थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारा स्विच), ड्रायव्हरची म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटची डबी. ऊन वाढलं की हे सगळं एकदम उघडं पडतं.

पुढचं सगळं एका नेहमीच्या मांडणीसाठी आहे. वर लोखंडी पत्रा किंवा कौलं, खाली पीओपीचं सीलिंग किंवा लाकडी माळा, आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत १२ व्होल्टचा १२ इंची एक्झॉस्ट, पत्र्यावर ४० वॉटची प्लेट, मध्ये बॅटरी नाही. बॅटरीवाल्यांसाठी आणि ज्यांच्या छपरावर मोठं ऑनग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेलं) सोलर आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलंय.

थांबतो म्हणजे कसा थांबतो?

मल्टिमीटर हातात घेण्याआधी दुपारी बारा ते दोन खाली उभं राहून फक्त आवाज ऐका. अर्धं निदान तिथंच होतं.

पंखा एकदम थांबला आणि दिवसभर पुन्हा हललाच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ताजातवाना, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. पंखा थांबला, वीस-तीस मिनिटांनी आपोआप सुरू झाला, पुन्हा थांबला, असं चक्र चालू असेल तर मोटर किंवा ड्रायव्हर गरम होऊन स्वतःला बंद करतोय. दोन-चार सेकंद फिरतो, गचका खाऊन थांबतो, लगेच पुन्हा प्रयत्न करतो, तर व्होल्टेज पडतंय. आणि थांबत नाही, पण नुसता रेंगाळत फिरतो, तर सावली, धूळ किंवा सुकलेलं बेअरिंग. एका पंख्याला दोन दुखणी एकत्र असू शकतात, हे मात्र ध्यानात असू द्या. बारीक वायर आणि तापलेली डबी ही जोडगोळी फार वेळा दिसते.

थर्मोस्टॅट उलटा बसलेला

हे कारण आधी तपासायचं, कारण पाच मिनिटांचं काम आहे आणि माणसं नेमकं हेच शेवटी बघतात.

पंख्याच्या वायरमध्ये बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण असतं, दोन पाय बाहेर आलेले. बाजारात ते केएसडी ३०१ नावाने मिळतं. आत दोन धातू एकमेकांना चिकटवलेली, वाटीसारखी वाकलेली चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती टक्कन उलटते आणि संपर्क जोडते किंवा तोडते. गोम अशी की हा तुकडा दोन जातींत येतो आणि दिसायला दोन्ही जुळे भाऊ. एनओ जातीचा थंड असताना तुटलेला असतो आणि तापला की जोडतो. एनसीचं उलटं: थंड असताना जोडलेला, तापला की तोडतो. इस्त्री, गिझर, मिक्सर यांच्यात एनसी लागतो, म्हणून दुकानात तोच जास्त असतो. एक्झॉस्टला एनओ हवा. ४५ अंशाचा एनसी बसला की माळा ४५ ला पोचेपर्यंत पंखा फिरणार आणि पोचला की बंद होणार. संध्याकाळी माळा थंड होऊन तो पुन्हा जोडेपर्यंत ऊन गेलेलं असतं. म्हणून दिवसातून एकदाच, सकाळी, पंखा चालल्याचं दिसतं.

तपासायचं असं. तुकडा सोडवा. मीटर कंटिन्युइटीवर (आतून जोडलेलं असलं की वाजतं त्या खुणेवर) ठेवून दोन पायांना लावा. घरातल्या तापमानाला मीटर वाजलं तर तो एनसी आहे, एक्झॉस्टच्या कामाचा नाही. नाही वाजलं तर तुकडा प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घाला, पाय कोरडे राहतील असं धरून तळ गरम पाण्याच्या पेल्यात बुडवा. अंगावर लिहिलेल्या अंशांच्या आसपास "टक" असा बारीक आवाज येऊन मीटर वाजायला हवं. पाणी ७० अंशांच्या वर असूनही काही झालं नाही तर तुकडा मेलाय. मे महिन्यात जळगावात बाहेरचीच हवा ४४-४५ अंश असते, हे बघता ३५ किंवा ४० अंशांचा एनओ घ्यावा. खरं सांगायचं तर बिनबॅटरीच्या पंख्याला थर्मोस्टॅटची गरजच नसते. ऊन आहे तेव्हा फिरेल, नाही तेव्हा थांबेल. काढून टाका आणि दोन वायर सरळ जोडा. बिघडणारी एक वस्तू कमी झाली.

ऊन भरपूर, व्होल्टेज कमी

ऊन जास्त म्हणजे करंट जास्त, हे बरोबर. पण प्लेट तापली की तिचं व्होल्टेज उतरतं. प्लेटच्या मागच्या लेबलवरचे आकडे पेशी २५ अंशांना असतानाचे असतात. आपल्याकडे मेच्या दुपारी पत्र्याला चिकटून बसवलेल्या प्लेटच्या पेशी ७० अंशांपर्यंत जातात, म्हणजे लेबलपेक्षा ४५ अंश वर. सिलिकॉनच्या प्लेटचं कामाचं व्होल्टेज दर अंशामागे साधारण ०.४ टक्के उतरतं. ४५ ला ०.४ ने गुणलं की १८ टक्के. लेबलवर १७.८ व्होल्ट असतील तर दुपारी हातात येतात १४.६.

१४.६ वर १२ व्होल्टचा पंखा खुशाल चालायला हवा. मग अडतं कुठं? वायरमध्ये. पंख्यासोबत खोक्यात जी वायर येते ती बहुतेक अर्ध्या चौरस एमएमची असते. तिचा रोध किलोमीटरला ३९ ओहम. प्लेटपासून पंखा १५ मीटरवर असेल तर जाणं-येणं धरून ३० मीटर तांबं, म्हणजे १.१७ ओहम. पत्र्याखाली ६० अंशांत तांब्याचा रोध आणखी पंधरा-सोळा टक्क्यांनी चढतो, झाले १.३५ ओहम. पंखा २ अँपिअर ओढतोय, तर २.७ व्होल्ट वायरनेच खाल्ले. पंख्याला उरले ११.९. त्यात एखादा नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट असला की आणखी एक व्होल्ट तिथं जातो.

सकाळी नऊला हाच पंखा का चालतो? तेव्हा प्लेट थंड, व्होल्टेज सोळाच्या वर, आणि ऊन कमी म्हणून पंखा निम्म्या अँपिअरवर हळू फिरत असतो. करंट निम्मा म्हणजे वायरमधली घटही निम्मी. दुपारी दोन्ही बाजूंनी मार बसतो.

बीएलडीसी पंख्यात, म्हणजे ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरवर चालणाऱ्या मोटरच्या पंख्यात, याच्यापुढची एक भानगड आहे. वेग कायम ठेवणारा ड्रायव्हर असेल तर व्होल्टेज पडल्यावर तो तेवढीच वॅट मिळवायला जास्त अँपिअर मागतो. प्लेटकडून तेवढे मिळत नाहीत, व्होल्टेज कोसळतं, ड्रायव्हर कमी व्होल्टेजवर बंद होतो. लोड गेला की व्होल्टेज पुन्हा वर, ड्रायव्हर पुन्हा सुरू. तोच गचके खाणारा आवाज. असं झालं की पंखा खराब म्हणून परत पाठवला जातो, कंपनीत तो अडॅप्टरवर लावून बघतात, छान चालतो, आणि तसाच परत येतो.

वायर बदलायची तर कोणती? त्याच १५ मीटर अंतराला, त्याच २ अँपिअरला आणि त्याच उष्णतेत दीडच्या वायरमध्ये घट ०.९ व्होल्ट, अडीचच्या वायरमध्ये ०.५५, चारच्या सोलर केबलमध्ये ०.३५ च्या आसपास. पाच मीटरच्या आत काम असेल तर दीड चालते. दहाच्या पुढे सरळ अडीच टाका. उन्हात उघड्यावर जाणारा तुकडा मात्र सोलर केबलचाच हवा, कलई केलेलं तांबं आणि उन्हाने न तडकणारं आवरण असलेला. घरातल्या फिटिंगची पीव्हीसी वायर पत्र्यावर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते, वाकवली की साल सुटते. पैसे वाचवायचे असतील तर वर चारची आणि माळ्यावरच्या छोट्या बॉक्समधून पुढे पंख्यापर्यंत अडीचची, असं करा.

मीटरने मोजायचं, पण पत्र्यावर चढून नाही

माप घ्यायचं ते दुपारी एक वाजता. आपल्याकडे घड्याळात साडेबाराच्या आधी थोडा सूर्य डोक्यावर येतो आणि पुढच्या तासाभरात प्लेट सगळ्यात जास्त तापते. त्या वेळी पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. पत्रा ६५-७० अंशांचा असतो, भोवळ आली तर खालीच. म्हणून सकाळी सातच्या आत वर जा, प्लेटच्या कनेक्टरमधून दोन वेगळ्या वायर मोजण्यासाठी म्हणून खाली ओट्यापर्यंत सोडा, टोकं टेपने झाका. त्यांच्यातून करंट जात नाही, म्हणून त्या बारीक असल्या तरी माप बरोबर येतं. सिमेंटचा पत्रा असेल तर बोल्टच्या ओळीवर फळी टाकून तिच्यावरूनच चाला. जुना सिमेंट पत्रा कोरडा ड्रिल करू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. भोकाची जागा ओली ठेवायची, हाताचं ड्रिल वापरायचं, तोंडावर नीट बसणारा मास्क.

दुपारी पहिलं माप पंखा सोडवून, प्लेटचं उघडं व्होल्टेज. ३६ पेशींच्या प्लेटवर लेबल २१.८ च्या आसपास असतं, तापल्यावर १८.५ ते १९.५ यायला हवं. नऊ-दहा आलं तर प्लेटच्या मागच्या डबीतला एक बायपास डायोड (सावलीतल्या पेशी वगळून करंट पुढे नेणारा) शॉर्ट झालाय आणि अर्धी प्लेट मेल्यासारखी आहे. असल्या प्लेटमध्ये दोन डायोड असतात, एकेक १८ पेशींवर. डबी उघडता येत असेल तर दहा-वीस रुपयांच्या डायोडवर प्लेट वाचते. डबीत काळा मसाला ओतून बंद केलेली असेल तर नाद सोडा.

दुसरं माप शॉर्ट सर्किट करंट. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि दोन टोकं सरळ प्लेटला. या मापाला बारीक वायर नको, अडीचची घ्या. ४० वॉटच्या प्लेटवर लेबल सव्वादोन ते अडीच अँपिअर सांगतं. प्लेट पुसलेली असूनही पाऊण पटीपेक्षा कमी आलं तर पेशी गेल्यात किंवा सावली आहे. हे माप एका छोट्या प्लेटवरच करायचं. बॅटरीवर किंवा मोठ्या सोलरच्या माळेवर कधीही नाही. आणि झाल्या झाल्या पिन व्होल्टच्या भोकात परत. ती तशीच विसरून मीटर बॅटरीला लावलं की फ्यूज जातो, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जातं.

तिसरं माप महत्त्वाचं. पंखा जोडून, चालू असताना (किंवा गचके खात असताना) प्लेटच्या टोकाला आणि पंख्याच्या टोकाला, दोन्हीकडे व्होल्टेज बघा. वर १४.४ आणि खाली १२.१ असेल तर २.३ व्होल्ट रस्त्यात सांडतायत. एका व्होल्टच्या वरची घट म्हणजे वायर किंवा जॉइंट. दोन्हींत गुन्हेगार कोण, ते असं कळतं: पंखा चालू ठेवून मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि दोन टोकं एकाच जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे लावा. चांगला जॉइंट दोन अँपिअरला वीस मिलिव्होल्टच्या आत दाखवतो. दोनशे-तीनशे दाखवणारा जॉइंट उघडून बघा. आत तांबं काळं पडलेलं असेल, आणि काळ्या टेपचा डिंक वितळून टेप वायरवर सरकलेली. पत्र्याखाली इन्सुलेशन टेप दोन उन्हाळे टिकत नाही. तांबं सॅंडपेपरने लाल होईपर्यंत घासा, लग किंवा बट कनेक्टर दाबायच्या प्लायरने दाबा, वर उष्णतेने आकसणारी नळी. तीच वायर पुन्हा पिळून नवी टेप लावली तर पुढच्या वर्षी याच ओळीवर परत यावं लागेल.

चौथं, पंखा माळ्यावरून उतरवून खाली १२ व्होल्टच्या बॅटरीवर तासभर चालवा. दुचाकीची चालेल. खाली न थांबता चालला आणि वर थांबत असेल तर पुढचा मुद्दा तुमचा.

ड्रायव्हरची डबी तव्यावर

बीएलडीसीचा ड्रायव्हर कधी मोटरच्या आत असतो, कधी वेगळ्या डबीत. वेगळी डबी असेल तर ती फिटरने हमखास पत्र्याच्या आतल्या अंगाला सेल्फ स्क्रूने ठोकलेली असते, कारण तिथं ठोकायला सोपं. म्हणजे डबी तव्यावर ठेवली. आतल्या कपॅसिटरवर ८५ अंश छापलेलं असतं. डबीतली हवा ७५ ला गेली की तो कायम काठावर जगतो. दर दहा अंशांना कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, हा धंद्यातला जुना हिशोब आहे. डबी उघडा. कपॅसिटरचं वरचं झाकण सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर तो बदला, आणि बदलताना १०५ अंशांचा, ३५ व्होल्टचा घ्या. मूळचा बहुतेक २५ व्होल्टचा असतो. जानेवारीच्या कडक थंडीत सकाळी हीच प्लेट पंखा सुरू व्हायच्या आधी २२.८ व्होल्टपर्यंत चढते, म्हणजे २५ च्या कपॅसिटरला काही उसंतच राहत नाही.

डबी पत्र्यावरून काढून सीलिंगखाली भिंतीवर आणा. वायर दोन मीटर वाढेल, वाढू द्या. मोटरमध्येच ड्रायव्हर असेल तर डबी हलवता येत नाही. मग पंखा आढ्याच्या टोकाशी, पत्र्याला टेकून न बसवता वीतभर खाली घ्या आणि मोटरवरून हवा वाहतेय ना ते बघा. हवा न वाहण्याचं कारण पुढे आहे.

हवा येणार कुठून?

पंखा हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा आत यायला वाट हवी. नसेल तर पंखा नुसता घुमतो, मोटर तापते आणि पंखा सीलिंगच्या फटीतून, दिव्याच्या भोकांतून घरातली हवा ओढायला लागतो. खाली कूलर लावून गार केलेली हवा वर जाऊन बाहेर पडते आणि घरात लोक म्हणतात पंखा लावल्यापासून जास्तच उकडतं. तपासायला उदबत्ती पुरते. पंखा चालू असताना सीलिंगच्या दिव्याजवळ धरा. धूर वर भोकात शिरला तर तुमचा पंखा घर रिकामं करतोय. स्वयंपाकघराच्या बाजूला तर ही परीक्षा कराच. चूल असेल तर तिचा धूर उलटा फिरतो.

हिशोब सोपा आहे. दर ३०० सीएफएमला (मिनिटाला ३०० घनफूट हवेला) एक चौरस फूट मोकळी वाट. पंखा ६०० सीएफएमचा असेल तर दोन चौरस फूट. मच्छरजाळी लावली की वाट निम्मी धरा, म्हणजे भोक चार चौरस फुटांचं. त्यापेक्षा चिमणी जाळी बरी, हवा कमी अडते आणि चिमणी, खार, वटवाघूळ आत येत नाही. वाट पंख्याच्या समोरच्या टोकाला, खाली, वळचणीशी ठेवायची, शक्यतो उत्तरेला. पंख्याशेजारीच भोक ठेवलं तर तीच हवा गोल फिरते आणि माळ्याचं दुसरं टोक तापतच राहतं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे रुई. जिनिंगच्या हंगामात, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, धरणगाव-शहाद्याकडच्या घरांत जाळीवर कापसाचा पांढरा थर बसतो. लांबून जाळी स्वच्छ वाटते, हात फिरवला की गादी निघते. मार्चमध्ये एकदा कोरड्या ब्रशने झाडा.

आणि एक अपेक्षा जागेवर ठेवा. पंखा माळा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बाहेर सावलीत ४४ आणि माळ्यावर ५० असेल तर पंख्याने त्याचं काम केलंय. उरलेली धग पत्र्यातून थेट खाली येते, तिला पंखा काही करत नाही. तिच्यावर पत्र्याला पांढरा रंग किंवा चुन्याचे दोन हात हेच औषध, आणि ते पंख्यापेक्षा स्वस्त आहे.

प्लेट कुठे आणि कशी

पुस्तकात प्लेट दक्षिणेला २० अंश कलती ठेवा म्हणतात. वर्षभर वीज बनवायची असेल तर ते ठीक. या पंख्याची गरज मार्च ते जून, दुपारी दोन ते पाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग दक्षिणेला कलवून मिळवायचं काय? प्लेट नैऋत्येला, दहा-पंधरा अंश कलती ठेवा. सकाळी थोडी उशिरा जागी होईल, पण चार वाजता माळा सगळ्यात तापलेला असताना जोरात असेल. पूर्वेच्या पाखीवर बसवलेल्या प्लेटचा पंखा दुपारनंतर ढेपाळतो, तो बिघाड नाही, जागेची चूक आहे.

पत्रा आणि प्लेट यांत चार इंचांची फट हवी. खालून हवा खेळली की पेशी पाच-दहा अंशांनी थंड राहतात, म्हणजे ०.३५ ते ०.७ व्होल्ट फुकट मिळाले. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पन्हळीत नाही, आणि काळ्या रबरी वॉशरसह. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं आम्ल पत्र्याचा जस्ताचा थर खातं. न्यूट्रल लिहिलेली नळी मागा.

सावलीचा मामला बारीक आहे. एका पेशीवर पूर्ण सावली पडली तरी तिच्या बाजूच्या १८ पेशी डायोडमधून वगळल्या जातात आणि व्होल्टेज निम्मं होतं. निम्म्यात १२ व्होल्टचा पंखा चालत नाही. पाण्याच्या टाकीचा पाइप, डिशची दांडी, कपड्यांची दोरी, एवढी सावलीही पुरते. एप्रिलमध्ये गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत घातल्या की त्यांच्यावर टाकलेलं लुगडं एखाद्या कडेने प्लेटवर येतंच. पंखा बंद का पडला म्हणून मीटर काढण्याआधी एकदा वर नजर टाका.

धुवायची ती पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो धुळीपेक्षा चिवट. फडक्याने कोरडी करा.

बॅटरीवाले आणि ऑनग्रिडवाले

चार्ज कंट्रोलर असेल आणि पंखा दिवसा बंद, रात्री चालू असा उलटा कारभार असेल तर कंट्रोलरचा लोड रस्त्यावरच्या दिव्याच्या मोडवर आहे. त्यात प्लेटवर ऊन आलं की लोड बंद होतो. बटण दाबून चोवीस तासांच्या मोडवर आणा. बॅटरी माळ्यावर ठेवली असेल तर आजच खाली आणा. लिथियम बॅटरीचं आतलं सर्किट साठ अंशांच्या आसपास स्वतःला तोडतं आणि लीड अ‍ॅसिड तिथं एका उन्हाळ्यात म्हातारी होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० आणि तीन किलोवॉट किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान. छपरांवर मोठ्या प्लेटा आल्या आणि सोबत एक नवा जुगाडही आला: त्यातल्याच एका प्लेटमधून पंख्याला वायर काढायची. हे करू नका. तिथली एकेक प्लेट चालू असताना ४० व्होल्टची, उघडी पन्नासच्या आसपास, १२ चा पंखा क्षणात जळतो. सहा प्लेटांची माळ उघडी ३०० व्होल्टच्या आसपास असते आणि डीसीचा ठिणगीचा पूल एसीसारखा आपोआप विझत नाही. ऊन असेपर्यंत ती माळ बंद करायला स्विच नाही, फक्त तोडायला आहे. घरात ऑनग्रिड असेल तर साधा २३० व्होल्टचा एक्झॉस्ट घरच्या बोर्डवर लावा. तो लाईट गेल्यावर थांबेल, कारण महावितरणची लाईन गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर सुरक्षेसाठी बंद होतो. त्यालाही लोक बिघाड समजतात.

मोठ्या छपरावर कनेक्टर जळण्याची दोनच कारणं जवळपास नेहमी सापडतात: दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत ठोकलेले, किंवा साध्या पकडीने दाबलेले. बॉक्समध्ये एसीचा एमसीबी असेल तर तो डीसीचा करून घ्या, आणि त्यावरच्या अधिक-उणे खुणा बघून. त्या माळेला हात लावायचा तो परवानाधारकाने: आधी एसी बंद, मग इन्व्हर्टर, मग डीसी आयसोलेटर. चालू लोडवर कनेक्टर ओढायचा नाही.

अर्थिंग दोन्हीकडे लागतं. वायरची साल पत्र्याच्या कडेने कापली की मोठ्या सोलरमध्ये अख्खा पत्रा जिवंत होतो. म्हणून पत्र्यातून खाली येताना वायर रबरी ग्रोमेटमधून किंवा ग्लँडमधून घ्या, भोकाआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी वायरवरून आत न शिरता झोळातून टपकेल. काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते आणि खड्डा नावालाच उरतो. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओता.

मृग लागायच्या आधी, वळवाचं पहिलं वारं सुटायच्या आत, एका सकाळी वर जाऊन प्लेटचे सगळे बोल्ट आवळा, तडकलेले रबरी वॉशर बदला आणि खाली मोजायला सोडलेल्या दोन वायर तशाच राहू द्या. टोकांना कनेक्टर लावून ओट्याच्या भिंतीवर छोट्या बॉक्समध्ये बंद केल्या की पुढच्या एप्रिलला माप घ्यायला पत्र्यावर चढावं लागत नाही.